पाणी सोडणे, पुढे चौकोन

१

कारखान्यात त्याला सगळे भोंगा म्हणत. दुपारच्या पाळीचा तो प्रमुख. पाळी बदलताना वाजणाऱ्या भोंग्यापेक्षा ह्याचा आवाज लांब जातो, ही थट्टा त्याच्या तोंडावरच चालायची, कारण माणूस मनानं मोकळा. पण उत्तर आवारात धडाका झाला त्या दुपारी भोंग्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

तो धडाका त्यानं दोनदा ऐकला. आधी कानाला लावलेल्या मोबाइलमधून आणि लगेच पाठोपाठ उघड्या हवेतून.

सगळे धावत पोहोचले तेव्हा टाकीच्या तोंडातून पांढरी वाफ भसाभस बाहेर पडत होती. तळाशी उरलेल्या जहाल ॲसिडवर पाणी सोडलं गेलं होतं. ते उकळून उसळलं आणि व्हॉल्व्हपाशी उभ्या असलेल्या माणसाला पाठ फिरवायलाही सवड मिळाली नाही. तो माणूस म्हणजे भोंग्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचे दाजी. ह्याच कारखान्यात भोंग्यानंच त्यांना चिकटवलं होतं.

अंगावर चादर घातली गेली, गाडी आली, गेली. मग मॅनेजर सगळ्यांना नियंत्रण कक्षात घेऊन आले. कोणत्या टाकीत काय करायचं ते आवारातली स्क्रीन सांगायची. ती ॲसिड उडून जळाली होती, पण तिच्यावर दिसायचं तेच इथल्या मोठ्या स्क्रीनवर दिसायचं. मॅनेजरनी बोट दाखवलं.

"वाचा. मोठ्यानं वाचा."

कुणीतरी वाचलं, "टाकी सात: पाणी सोडणे धोक्याचे."

"आणखी काय लिहायला हवं होतं? माणूस गेला, फार वाईट झालं. पण डोळे मिटून काम केलं त्यानं. चूक त्याचीच."

कोपऱ्यात स्क्रीनवाला उभा होता. ह्या स्क्रीनचा प्रोग्राम त्यानंच लिहिलेला, म्हणून हे नाव. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण त्या घटकेला कुणाचा नव्हता?

भोंगा मात्र त्या अक्षरांकडे बघतच राहिला. दाजींनी वाचलं होतं, नक्की वाचलं होतं. कारण धडाक्याच्या आधी त्यांनी भोंग्यालाच फोन लावला होता. "दादा, सातला पाणी सोडणे असं आलंय. पुढे चौकोन आहे. सोडू का?" भोंगा तेव्हा फाटकापाशी एका टँकरवाल्याशी हुज्जत घालत होता. इंजिनाच्या धडधडीत त्याला अर्धंच ऐकू आलं. आणि तो ओरडला होता, "स्क्रीन सांगतेय ना दाजी? मग सोडा की!"

२

कामगार सुरक्षेच्या निरीक्षक बाई आल्या त्या लंगडत. गुडघा दुखरा, त्यामुळे जिथं जातील तिथं आधी टेकायला जागा शोधायच्या. मॅनेजरनी केबिनमध्ये खुर्ची पुढे केली, तर म्हणाल्या, "इथं नको. जिथं माणूस मेला तिथं बसू या." आणि टाकीजवळ एक बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या.

मॅनेजरनी आपलं म्हणणं पुन्हा सांगितलं. स्क्रीनवर स्पष्ट होतं, माणसानं पाहिलं नाही.

"अनुभवी होता?"

"दक्षिण आवारात बरीच वर्षं होता. तिकडच्या टाक्या पाण्यानंच धुतात. सवयीनं केलं असेल."

"मग इकडे का आला?"

"आमचे पाळीप्रमुख ठरवतात ते."

बाईंनी भोंग्याकडे मान वळवली. "इकडचा माणूस रजेवर होता," भोंगा पुटपुटला. "मीच पाठवलं."

"तुम्हाला भोंगा म्हणतात ना? आवाज तर येत नाही तुमचा."

भोंग्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. बाईंनीही ताणलं नाही.

मग केमिस्ट बाईंची पाळी आली. कोणत्या टाकीत काय उरतं आणि ती कशी धुवायची, ह्या सूचना त्यांच्या. त्यांचे डोळे सुजले होते. "सातमधल्या ॲसिडचा जहालपणा आधी मारावा लागतो, मग पाणी. सूचना मीच टाकली होती. नीट टाकली होती. हजारदा आठवून पाहिलंय मी." बोलता बोलता त्या रडू लागल्या. "तरी वाटतं, मी स्वतः आवारात उभं राहायला हवं होतं."

स्क्रीनवाला सगळ्यांत शेवटी आला. मृदू बोलणारा, नेटका माणूस. "प्रोग्राम व्यवस्थित चालतो," तो म्हणाला. "मध्यंतरी स्क्रीन मधेच काळी पडायची. मी ते दुरुस्त केलं. त्यानंतर एकदाही बंद पडली नाही."

"एकदाही नाही," मॅनेजर म्हणाले. "मी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती त्याची."

स्क्रीनवाल्यानं खाली पाहिलं. बाई मात्र टाकीकडे बघत होत्या. टाकीच्या पोटावर ठसठशीत निळ्या रंगात नाव रंगवलं होतं: उत्तर आवार साठवण टाकी सात. रंगाचा वास अजून पुरता गेला नव्हता.

"केवढं लांबलचक नाव," त्या म्हणाल्या. मग कुणाचं उत्तर यायच्या आतच भिंतीवरच्या फोनकडे हात केला. "आणि हा रिसीव्हर. मी आले तेव्हा खाली लोंबकळत होता. म्हणजे मरायच्या आधी हा माणूस कुणाशी तरी बोलत होता."

त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"कुणाशी?"

भोंग्यानं हातातला मोबाइल खिशात घातला.

३

संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. रोजच जात होता. दारातून आत शिरल्यावर रोज तेच विचारायचा, "जेवलीस का?" आणि ती रोज तेच सांगायची, "जेवले."

आज ती कपाटासमोर बसून नवऱ्याचे सदरे घडी करत होती. घडी करायची, पुन्हा उलगडायची.

"दादा, कारखान्यातली एक बाई भेटायला आली होती. बिचारी चांगल्या मनानं आली. म्हणाली, होतं असं, माणसाचं लक्ष नसतं कधीकधी." तिनं सदऱ्याची बाही सरळ केली. "लक्ष नसतं? घरातून बाहेर पडताना गॅस बंद आहे का ते तीनदा बघायचे. मी चिडायचे. अर्ध्या रस्त्यातून मागे यायचे कुलूप ओढून बघायला. तो माणूस न वाचता व्हॉल्व्ह फिरवेल?"

"नाही," भोंगा म्हणाला.

"मग सगळे असं का म्हणतात?"

आतल्या खोलीतून भाची बाहेर आली. बारावीची मुलगी, बापासारखीच सडपातळ. मामाला पाणी दिलं आणि तिथंच उभी राहिली. "मामा, कॉलेजात विचारतात, बाबा प्यायलेले होते का."

भोंग्यानं पाण्याचा घोट घेतला. एक वाक्य बोललं की झालं असतं. त्यांनी मला विचारलं होतं. पण त्याच्या पुढचं वाक्य आपोआप आलं असतं, आणि ते बोलायला त्याची जीभ उचलेना. त्यानं पेला ठेवला, "येतो" म्हणाला आणि जिना उतरला.

खाली रस्त्यावर आल्यावर तो बराच वेळ दुकानाच्या पायरीला धरून उभा राहिला. निरीक्षक बाई उतरल्या होत्या ते विश्रामगृह उजवीकडे, त्याचं घर डावीकडे. पाय नेहमीसारखे डावीकडे वळले. दहा पावलं गेला असेल नसेल, मागे फिरला.

४

बाई गुडघ्याला शेक घेत बसल्या होत्या. त्यांनी त्याला बघून अजिबात नवल दाखवलं नाही.

"तो फोन मला आला होता," भोंगा म्हणाला. उभ्याउभ्याच म्हणाला. "मीच सोडा म्हणालो. मारलं मी त्यांना."

"बसा."

"उत्तरेला मीच पाठवलं आणि मीच विसरलो. ते सात म्हणाले, मला वाटलं दक्षिणेची सात. तिथं इतकी वर्षं काढली त्यांनी. दोन्ही आवारांत सात आहे. स्क्रीनवर धोक्याचे लिहिलं होतं, ते त्यांनी वाचलं असणारच. मीच ऐकलं नाही. टँकरचा आवाज होता, पण आवाजाचं काय घेऊन बसायचं? मला घाई होती."

बाईंनी शेकाची पिशवी बाजूला ठेवली. "त्यांचे शब्द सांगा. तुम्हाला काय वाटलं ते नको. शब्द."

त्यानं डोळे मिटले. "सातला पाणी सोडणे असं आलंय. पुढे चौकोन आहे. सोडू का."

"चौकोन?"

"व्हॉल्व्हवर चौकोनी पट्टी असते काही ठिकाणी. तेच असेल."

"व्हॉल्व्ह मी बघितलाय. पट्टी गोल आहे." बाई सावरून बसल्या. "आणि सूचना नीट वाचली असेल तर हा माणूस 'सोडू का' असं विचारेलच कशाला? जो गॅस तीनदा बघतो..."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या बहिणीला मीही भेटलेय." त्यांनी आपला मोबाइल काढला, शोधून एक मेसेज त्याच्यासमोर धरला. कसल्याशा कार्यालयाकडून आलेला, मराठीतला. वाक्य मधेच थांबलं होतं आणि शेवटी एक इवलासा रिकामा चौकोन होता. "हे बघा. अक्षर अर्धवट कापलं गेलं की फोनला ते ओळखता येत नाही. मग तो अक्षराच्या जागी हे डबडं दाखवतो. तुमच्या दाजींनी जे होतं तेच वाचून दाखवलं, पाळीप्रमुख. पाणी सोडणे, आणि पुढे चौकोन. धोक्याचे हा शब्द त्यांना दिसलाच नाही."

भोंगा खुर्चीत बसला. "पण आम्ही सगळ्यांनी वाचला की तो!"

"हो ना," बाई म्हणाल्या. "तेच तर उद्या बघायचंय."

५

सकाळी नियंत्रण कक्षात पाचच माणसं होती. निरीक्षक बाई, मॅनेजर, केमिस्ट बाई, स्क्रीनवाला आणि भोंगा. मोठ्या स्क्रीनवर तीच ओळ होती, टाकी सात: पाणी सोडणे धोक्याचे.

"केमिस्ट बाई, बाहेर टाकीवर नाव कुठलं रंगवलंय?"

"उत्तर आवार साठवण टाकी सात. दोन सातांचा घोळ होऊ नये म्हणून मीच नावं बदलून घेतली. रंगही दिला आणि स्क्रीनच्या..." त्या थांबल्या. मान वर करून स्क्रीनकडे बघू लागल्या. "स्क्रीनच्या यादीतही बदललं होतं. मी स्वतः. मग हे जुनं नाव कसं दिसतंय?"

"बदला पुन्हा. आत्ता."

केमिस्ट बाईंनी कळफलक ओढला. एकेक शब्द टाइप केला. शेवटचं बटण दाबलं.

स्क्रीनवर नवी ओळ आली: उत्तर आवार साठवण टाकी सात: पाणी सोडणे □

मॅनेजर दोन पावलं पुढे गेले, जणू जवळून पाहिलं तर उरलेला शब्द दिसेल.

"सूचना लिहायची आपली एक पद्धत आहे," बाई सावकाश म्हणाल्या. "गोळी दोनदा देणे. दार बंद ठेवणे. पाणी सोडणे. म्हणजे सोडा. आपल्या भाषेत नकार शेवटी येतो. शेपूट तुटली की 'करू नका'चं 'करा' होतं. ह्यांच्या दाजींनी हे वाचलं, त्यांना खटकलं, म्हणून त्यांनी फोन केला. ह्याहून जास्त काय करायचं असतं माणसानं?"

भोंगा त्या चौकोनाच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला.

"आता राहिलं एकच. धडाका झाल्यावर आणि तुम्ही सगळे इथं येऊन ही ओळ वाचायच्या आधी कुणीतरी नाव पुन्हा छोटं केलं. मॅनेजरसाहेब, दोष कारखान्यावर येऊ नये असं तुम्हाला वाटत होतं. तुमच्यावर माझा संशय होता."

"माझ्यावर?"

"पण तुम्हाला लपवाछपवी करायची असती तर तुम्ही काय केलं असतं? सूचना तुटलीय म्हटल्यावर सूचना पुन्हा टाइप केली असती. केमिस्ट बाईंनीही तेच केलं असतं. तुटलाय शेवट आणि हात लावायचा सुरुवातीला, हे कुणाला सुचेल? नाव आखूड केलं की शेवटचा शब्द परत येतो, हे ज्याला आधीच कळलं त्यालाच." बाई स्क्रीनवाल्याकडे वळल्या. "धडाका झाल्यावर सगळे टाकीकडे धावले. तुम्ही इथंच थांबलात."

स्क्रीनवाल्यानं नाकारलं नाही. कित्येक दिवस कुणी विचारेल म्हणून तो जणू वाटच बघत होता. तो जवळच्या खुर्चीवर बसला आणि दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवून बोलू लागला.

"धडाक्यानंतर वर स्क्रीनकडे बघितलं आणि कळलं मला. त्याच क्षणी. प्रोग्रामात मी शंभर घरांचा एक कप्पा ठेवलाय. टाकीचं नाव आणि सूचना जोडून त्यात भरायची आणि ती स्क्रीनवर दाखवायची. आपल्या लिपीत एकेक अक्षर तीन घरं खातं. काना, मात्रा, वेलांटी, प्रत्येकाची वेगळी तीन. जुन्या नावाला कप्पा पुरायचा. नवी नावं आली आणि स्क्रीन काळी पडायला लागली. कारण भरायचं काम मी ज्या फंक्शनला दिलं होतं, स्प्रिंटएफ म्हणतात त्याला, त्याला कप्पा केवढा हे माहीतच नसतं. ते आपलं भरत सुटतं. कप्प्याबाहेर सांडतं, शेजारचं बिघडवतं, सगळा प्रोग्राम कोसळतो. धोकादायक म्हणून बदनाम आहे ते."

"मग?"

"मग मी सुरक्षितवालं घातलं. एसएनप्रिंटएफ. त्यात एक एन जास्त असतो. त्याला सांगता येतं, कप्पा एवढाच, ह्यापुढे भरू नकोस. ते ऐकतं. शेवटच्या घरात समाप्तीची खूण ठेवतं आणि न मावलेलं टाकून देतं. स्क्रीन पुन्हा काळी पडली नाही." त्याचा आवाज चिरकला. "काळी पडली असती तर बरं झालं असतं. काळ्या स्क्रीनकडे बघून कुणी व्हॉल्व्ह उघडत नाही."

"टाकून देतं आणि सांगत नाही?" मॅनेजरनी विचारलं.

स्क्रीनवाल्यानं त्यांच्याकडे नाही, भोंग्याकडे पाहिलं.

"सांगतं. दर वेळी सांगतं. काम झालं की एक आकडा परत देतं, की सगळं मावायला एवढी घरं लागली असती. आकडा कप्प्याएवढा किंवा मोठा आला, की समजायचं मजकूर कापला गेलाय. मग थांबायचं, कप्पा वाढवायचा, नाहीतर निदान लाल दिवा लावायचा. दोन ओळींचं काम. मला ते माहीत होतं. मी तो आकडा घेतलाच नाही. स्क्रीन चालू झाली, साहेबांनी पाठ थोपटली, मी घरी गेलो."

"आणि नाव बदललंत ते?"

"प्रोग्राम बदलायचा तर सगळा कारखाना थांबवून पुन्हा चढवावा लागतो. नाव इथून बदलता येतं. हात आपोआप गेला. मग तुम्ही सगळे आत आलात, साहेब म्हणाले चूक त्याचीच, आणि मी गप्प राहिलो." त्यानं तोंडावर हात ठेवला. "पहिली चूक नकळत झाली, बाई. ही नाही."

केमिस्ट बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. भोंगा मात्र त्या वाकलेल्या माणसाकडे बघत राहिला. रात्रभर त्याला वाटलं होतं, ज्यानं हे केलं त्याची गचांडी धरीन. आता हात वर येईना. फोनवरून त्यालाही कुणीतरी सांगितलं होतं की पुढे काहीतरी आहे, आणि त्यानंही ते घेतलं नव्हतं.

"माझ्या अहवालात," निरीक्षक बाई उठता उठता म्हणाल्या, "गेलेल्या माणसाचा दोष नाही, हे पहिलं वाक्य असेल. बाकीच्यांचं पुढे येईल." मग भोंग्यापाशी थांबून हळूच म्हणाल्या, "तुमचं सुद्धा. ते माझ्या कागदातून कळण्याआधी घरी कळलेलं बरं."

६

बहिणीनं दार उघडलं. आज त्यानं जेवलीस का विचारलं नाही. आत गेला, जमिनीवरच बसला आणि सांगू लागला. स्क्रीनचं सांगितलं, तुटलेल्या शब्दाचं सांगितलं. ती ऐकत होती. मग फोनचं सांगितलं. टँकरवाला, आपली घाई, आपलं ओरडणं, सगळं जसं घडलं तसं. धडाका फोनमधून ऐकला तेही सांगितलं.

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"म्हणजे त्यांनी विचारलं होतं," ती म्हणाली.

"विचारलं होतं."

"तुला."

"मला."

तिनं पदरानं चेहरा पुसला, पण डोळे कोरडेच होते. "रोज येत होतास. रोज विचारत होतास, जेवलीस का. लोक त्यांना बेफिकीर म्हणत होते, पोरीला नाही नाही ते विचारत होते. तू इथंच बसला होतास, दादा. पाणी पीत."

त्याला वाटलं ती आता जा म्हणेल. तो उठायच्या बेतानं हात टेकू लागला.

"बस," ती म्हणाली. "तुला माफ केलं असं मी म्हणणार नाही. पुढेमागे म्हणेन का, तेही मला माहीत नाही. पण पोर कॉलेजातून यायची वेळ झालीय. बाबांनी विचारलं होतं, हे तिला कळायला हवं. आणि कुणाला विचारलं होतं, तेही. मी नाही सांगणार. तू सांगायचंस."

तो बसून राहिला. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली, दार लोटलं गेलं, आणि भाची खांद्यावरची पिशवी उतरवता उतरवता त्याला बघून थबकली.

"मामा? आज इतक्या लवकर?"

"ये, बस इथं," भोंगा म्हणाला. त्याचा आवाज खूप दिवसांनी स्वच्छ निघाला, शेजारच्या घरातही ऐकू जाईल इतका. "तुझ्या बाबांबद्दल सांगायचंय. आणि माझ्याबद्दल."